पहिली जुनी बोट घेताना पाणी कुठे मुरतंय ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्यांनी याआधी कधी बोट बाळगलेली नाही. 28 फुटी, केबिन असलेली, वीस-बावीस वर्षांची फायबरची मोटरबोट त्यांच्या मनात भरली आहे. पेट्रोल इंजिन आहे आणि स्टर्नड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला, तर गिअर आणि बोट ढकलणारा पंखा ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, बाहेर. बोट दोन वर्षं नुसती उभी आहे. तेवढ्याच मापाच्या इतर बोटींच्या मानाने किंमत जवळपास निम्मी. मालक म्हणतात, ‘इंजिन उत्तम आहे, फक्त बॅटरी उतरलीय’, आणि आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत असल्याचंही सांगतात. घरातले चौघे सुट्टीच्या दिवशी आडोशाच्या पाण्यात फिरणार आहेत. सर्व्हेयरला, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला, पैसे द्यावेत, की तेच पैसे बोटीवर लावावेत, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आज हातात असलेल्या माहितीवर ही बोट घेऊ नका. घ्यायचं ठरलंच, तर सर्व्हे केल्याशिवाय घेऊ नका. पण सर्व्हेयरला बोलावण्याआधी स्वतः अर्धा दिवस त्या बोटीवर घालवा. मी बरीच वर्षं जुन्या बोटी तपासतो आणि दुरुस्त करतो, आणि माझा अनुभव असा की नीट बघायला शिकलेला नवखा माणूस दहातल्या बहुतेक बोटी स्वतःच बाद करू शकतो. सर्व्हेयरचे पैसे उरलेल्या एक-दोन बोटींसाठी राखून ठेवायचे.

या बाजाराची मूळ अडचण माहितीची आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवून दिलं, की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा चांगला माल बाजारातून काढता पाय घेतो आणि खराब माल मागे उरतो. त्यांना 2001 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. बोटींमध्ये ही दरी मोटारींपेक्षाही रुंद आहे. मोटारीचे किलोमीटर दिसतात, सर्व्हिसिंगची नोंद असते, एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या असल्याने भाव ताडून पाहता येतो. बोटीवरचं तासांचं मीटर अनेकदा बंद पडलेलं किंवा बदललेलं असतं. दुरुस्त्या मालकाने स्वतःच्या हाताने केलेल्या असतात आणि त्याची पावती कुठेच नसते. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन बोटींपैकी एक छपराखाली राहिली आणि दुसरी उघड्यावर, तर वीस वर्षांनी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. विकणारा माणूस लबाड असतोच असं नाही. मला भेटलेले बहुतेक मालक प्रामाणिक होते. अडचण ही, की आपल्या बोटीच्या डेकखाली काय चाललंय हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्यामुळे मालक भला वाटला म्हणून बोट चांगली, हा हिशेब कधी धरू नका. भला माणूसही मनोभावे कुजलेली बोट विकतो. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात पाण्यावर फिरायची हौस एकदम वाढली, कितीतरी लोकांनी आयुष्यातली पहिली बोट घेतली, आणि त्यातल्या बऱ्याच बोटी आता जुन्या बाजारात येताहेत. तास कमी असतात, पण देखभाल कशी करायची हे मालकाला कुणी शिकवलेलंच नसतं.

आता किमतीबद्दल. बोट निम्म्या भावात मिळतेय, म्हणजे उरलेले पैसे वाचले असं वाटतं. ते वाचत नाहीत. जुन्या बोटीवर दुरुस्तीला घातलेला पैसा विकताना वसूल होत नाही, झाला तर थोडा अंश. नवं इंजिन बसवलं म्हणून बोटीची किंमत इंजिनाएवढी वाढत नाही. यातूनच नवख्या माणसाला सगळ्यात मोठा फायदा मिळू शकतो: ज्या बोटीवर आधीच्या मालकाने गेल्या दोन-तीन वर्षांत भरपूर खर्च केलाय, पावत्या जपून ठेवल्यात आणि आता काही घरगुती कारणाने विकतोय, ती बोट शोधा. तिच्यासाठी बाजारभावापेक्षा थोडं जास्त मोजावं लागलं तरी बेलाशक मोजा. त्याचा बुडालेला पैसा तुमच्या पदरात पडतो. निम्म्या किमतीच्या बोटीत उलटं होतं, तुमचा पैसा पुढच्या मालकाच्या पदरात पडतो.

वार्षिक खर्चाचा एक ठोकताळा सांगितला जातो, किमतीच्या दहा टक्के. तो जुन्या बोटीच्या खरेदी किमतीवर लावला तर घात होतो. तेवढ्याच मापाची बोट आज नवी घेतली तर काय पडेल, त्या रकमेशी तो ताडून बघा. पंखा, बॅटरी, तळाचा रंग, उभी करायची जागा, यातली कुठलीच गोष्ट बोट जुनी आहे म्हणून स्वस्तात मिळत नाही.

मापही इथेच ठरवून टाका. चौघांनी आडोशाच्या पाण्यात दिवसभर फिरायला 28 फूट, म्हणजे साधारण साडेआठ मीटर, लागत नाहीत. लांबी वाढते तशी रुंदी आणि उंचीही वाढते, म्हणून बोटीचं आकारमान लांबीच्या घनाने वाढतं: 6 मीटरची बोट 9 मीटरची झाली की लांबी दीडपट, पण वजन साधारण साडेतीनपटीच्या घरात जातं. इंजिन, इंधन, नांगर, दोर, उचलून बाहेर काढण्याचा खर्च, सगळं त्या वजनामागून येतं. पहिली बोट साडेपाच ते सहा मीटरची, उघडी, मागे एकच आउटबोर्ड, म्हणजे भिंतीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, लावलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. आउटबोर्ड बिघडलंच तर काढून दुसरं लावता येतं. स्टर्नड्राइव्हला बोटीच्या भिंतीतून मोठं भोक पाडून यंत्र आरपार गेलेलं असतं, आणि ते भोक पाणीबंद राखणं रबराच्या भरवशावर असतं.

आता बोटीकडे येऊ. जुन्या बोटीचे जवळजवळ सगळे महागडे रोग पाण्याचे असतात, जे पाणी नको त्या ठिकाणी शिरलं आणि तिथेच राहिलं त्याचे. त्यातही नवख्याला धक्का देणारी गोष्ट म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान समुद्राचं पाणी करत नाही, पावसाचं करतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं तितकं मानवत नाही. आणि ‘फायबरची बोट आहे, लाकूड कुठलं?’ असं विचाराल, तर लाकूड आहे, भरपूर आहे, फक्त दिसत नाही. डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड भरलेलं असतं, वजन कमी ठेवून ताठपणा यावा म्हणून. ट्रान्सम अनेक जुन्या बोटींत आतून प्लायवुडचीच असते. तळाला लांबीभर आधार देणाऱ्या स्ट्रिंजर नावाच्या तुळयाही कितीतरी बोटींत फायबरने मढवलेल्या लाकडाच्या असतात. फायबर स्वतः फार टिकतं. 1960 च्या दशकात बांधलेली कवचं आजही पाण्यावर आहेत. आतलं लाकूड मात्र एका स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी गेलं तरी काही वर्षांत चिखल होतं.

म्हणून पहिलं काम: बूट काढून डेकवर चाला. सावकाश, टाचेवर भार देत. कुठे पाय दबतो, करकर आवाज येतो, ती जागा खडूने आखा. मग प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. निरोगी जागी आवाज कडक आणि खणखणीत येतो, थर सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी बद्द. कान दहा मिनिटांत तयार होतो. रेलिंगचे खांब, दोर बांधायचे क्लीट, खिडक्या, झडपा, जिथे जिथे डेकला भोक पाडून काही बसवलंय तिथे जास्त वेळ द्या, कारण पाणी तिथूनच शिरतं. केबिनमध्ये याच जागांच्या बरोबर खाली तपकिरी ओघळ दिसले तर वर काय झालंय ते कळलंच. आर्द्रतामापक वापरायचा मोह होईल. तो उपयोगी आहे, पण नवख्याच्या हातात फसवतो. धातूची पूड असलेला रंग, मागे लपलेली पाण्याची टाकी, नुसती दमट हवा, यांनीही काटा वर जातो.

ट्रान्समची परीक्षा आउटबोर्ड बोटीवर सोपी आहे. इंजिन अर्ध्यावर वर उचला, त्याच्या खालच्या भागावर हाताने भार देऊन हलवा आणि एकाला ट्रान्समच्या वरच्या काठावर नजर ठेवायला सांगा. भिंत वाकताना दिसली, इंजिनाच्या बोल्टभोवती चिरा उघडल्या-मिटल्या, तर तिथून निघा. स्टर्नड्राइव्हमध्ये ड्राइव्ह जिथे भिंतीला बसतं त्या कडेभोवती ठोकून बघा आणि आत, इंजिनाखाली, बोल्टमधून तांबूस पाणी झिरपलंय का ते पाहा. ट्रान्सम उघडून नवीन करणं म्हणजे इंजिन बाहेर, आतली भिंत कापून बाहेर, मग नवं लाकूड आणि नवे थर. निम्म्या भावाचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एक परीक्षा फार थोडे लोक करतात, ती मी आग्रहाने सांगतो. बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्या. ट्रेलरचं वजन वजा करा, इंधन आणि सामान वजा करा, आणि कारखान्याने जाहीर केलेल्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. तरंगती राहावी म्हणून पुष्कळ बोटींच्या तळाच्या फळीखाली फोम भरलेला असतो आणि वर्षानुवर्षं पाण्यात राहून तो भिजतो. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. दोनशे-तीनशे किलोंचा फरक निघाला तर ते पाणी बोटीच्या पोटात आहे आणि ते काढायचं म्हणजे तळाची फळी कापावी लागते. बोट पाण्यात असेल तर रंगाची जलरेषा बघा. रिकामी बोट त्या रेषेच्या वर तरंगायला हवी. दोन्ही बाजूंना शेवाळ रेषेच्या वर चढलेलं असेल, तर बोट जड झालीय.

तळाला फोड आलेले दिसले तर बहुतेक नवखे घाबरून पळतात आणि कुजलेल्या डेककडे बघतही नाहीत. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. फायबरच्या बाहेरच्या थरातून पाणी हळूहळू झिरपतं, आतल्या रेझिनशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि फोड येतात. फोडले तर आतून आंबट वासाचा द्रव निघतो. थोडे छोटे फोड ही भाव कमी करायची बाब आहे, बोट बुडण्याची नाही. मोठे, दाट, खोल फोड असतील तर थर सोलून बोट महिनोन्‌महिने वाळवावी लागते, तो खर्च मोठा. पण घाई करून बोट सोडण्याएवढा हा रोग वेगाचा नाही.

तळात असलेल्या भोकांकडे मात्र घाईने बघा. इंजिन थंड ठेवायचं पाणी, सांडपाणी, सगळं सीकॉक नावाच्या झडपांतून जातं. प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटवून बघा. हलत नसेल तर ती झडप नाहीच असं समजा. साध्या पितळेच्या झडपा समुद्राच्या पाण्यात जस्त गमावतात, उरतं ते सच्छिद्र तांबं. रंग गुलाबी दिसला की धातू मेलेला, एका फटक्यात तुटू शकतो. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 4 सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला दीडशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. भर लाटांत बुडणाऱ्या बोटींपेक्षा धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, रात्री, कुणी नसताना बुडणाऱ्या बोटी जास्त असतात, आणि कारण बहुतेकदा असंच लहान असतं: एक होज, एक क्लिप, एक रबर.

आता इंजिन. ‘फक्त बॅटरी उतरलीय’ हे वाक्य ऐकलं की मी एकच म्हणतो, मग चार्ज झालेली बॅटरी आणून लावू. जे इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं नाही ते बंद इंजिन आहे आणि बंद इंजिनाचाच भाव द्यायचा. दोन वर्षं उभं राहिलेलं इंजिन दोन वर्षं वापरलेल्या इंजिनापेक्षा वाईट असतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट राळ बनतं. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा शोषतं आणि पुरेसं पाणी झालं की वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारा रबरी पंखा, एकाच आकारात वाकून ताठ होतो. सिलिंडरमध्ये गंज धरतो. हौसेसाठी वापरल्या जाणाऱ्या बोटीचे वर्षाला साधारण 50 ते 100 तास होतात. वीस वर्षांच्या बोटीवर दोनशे तास दिसले, तर आनंद मानण्याआधी ती मधली वर्षं कुठे आणि कशी उभी होती ते विचारा.

इंजिन बघायला जाल तेव्हा ते थंड असायला हवं. पोहोचल्याबरोबर हात लावा. गरम लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी ते मोठ्या मिनतवारीने चालू केलेलं आहे, म्हणून परत यायची वेळ ठरवा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं आणि कसला धूर सोडतं ते बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाहीये किंवा हवा कमी पडतेय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पुढे बघायची गरज नाही. ड्राइव्हचं गिअर ऑइल तळाच्या स्क्रूतून चमचाभर काढा. तेही दुधाळ निघालं तर सील गेलंय आणि गिअरमध्ये पाणी आहे. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचं.

तुमच्या बोटीत दोन जागी मी सगळ्यात आधी हात घातला असता. पहिली, ड्राइव्हच्या भोवतीच्या रबरी घड्या, ज्यांना बेलोज म्हणतात. त्या दर वर्षी तपासायच्या आणि काही वर्षांनी बदलायच्या असतात. घड्या फाकवून आत बघा. चिरा दिसल्या तर लक्षात घ्या, बाहेरचं पाणी आणि बोटीचा आतला भाग यांच्या मधे त्या रबराशिवाय दुसरं काही फारसं नाही. दुसरी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंची ओतीव लोखंडाची एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नळ, आणि त्यावरचे रायझर. खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं. बाहेरून छान रंगवलेलं असतं, आतून गंजून पातळ होतं, आणि एक दिवस थंड करायचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. शेवटचे कधी बदलले हे विचारा आणि पावती मागा. पावती नसेल तर बदललेले नाहीत असं धरून हिशेब मांडा.

इंधनाची टाकीही विसरू नका. ॲल्युमिनियमची टाकी फोममध्ये गाडलेली असेल तर ती बाहेरून गंजते आणि दिसत नाही. तळाशी पेट्रोलचा अगदी पुसट वास आला तरी तो गंभीर मानायचा, त्या दिवशी इंजिन सुरू करू नका.

वायरिंगबद्दल एवढंच, की घरातल्या वायरी, टेपने गुंडाळलेले जोड आणि कुठे जाते ते मालकालाही न सांगता येणारी वायर दिसली, तर पूर्ण वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा. बोटींना लागणाऱ्या आगींमागे वायरिंग हे मोठं कारण असतं. उशा, पडदे, नवी स्पीकर-जोडी, चकचकीत पॉलिश याकडे बघूच नका, ते एका आठवड्यात होतं. उलट तळाशी, जिथे कुणी बघत नाही, तिथे ताजा रंग मारलेला असेल तर थांबून विचारा की का मारला. पाण्याखालच्या धातूंना वाचवण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे अर्धे झिजलेले असतील तर मला बरं वाटतं, ते आपलं काम करताहेत. वर्षानुवर्षं लावूनही कोरे राहिलेले तुकडे कामच करत नव्हते.

ज्यांना शिडाची बोट घ्यायचीय त्यांच्यासाठी थोडं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलायच्या असतात, त्या चांगल्या दिसतात की नाही याला फार अर्थ नाही, आणि विमा कंपन्याही त्यांचं वय विचारतात. तारांचा ताण कवचापर्यंत नेणाऱ्या पट्ट्या डेकमधून आरपार जातात तिथे, हवा न लागणाऱ्या फटीत, स्टेनलेस स्टीलही गंजतं. आणि कील, म्हणजे तळाखालचा जड कणा. तो कधी खडकावर किंवा वाळूवर आदळलाय का, हे विचारल्याशिवाय शिडाची बोट घेऊ नका. 2014 च्या मे महिन्यात ‘चीकी रफिकी’ ही बोट अँटिग्वाहून ब्रिटनकडे परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने नंतर म्हटलं, की आधी तळ आदळण्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कीलचा जोड आणि आतली चौकट कमकुवत झालेली असू शकते, आणि असा सुटलेला चिकटजोड ओळखणं अवघड असतं. आदळल्यावर नीट तपासणी आणि दुरुस्ती झाल्याचे कागद नसतील, तर कीलचा जोड जाणणाऱ्या माणसाने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदपत्रं नवख्यांना कंटाळवाणी वाटतात, आणि पूर्ण पैसा बुडतो तो इथेच. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर बोटीचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. अमेरिकेत 1972 पासून तो 12 अक्षरांचा आहे, इतरत्र पुढे देशाचा संकेत जोडून लांब झालेला दिसतो. 1984 नंतरच्या अमेरिकी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला, पुन्हा कोरलेला, किंवा प्लेट उचकटून लावलेली दिसली, तर व्यवहार तिथेच संपवा. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो बोटींचं नुकसान केलं. अशा प्रत्येक मोठ्या वादळानंतर विमा कंपनीने मोडीत काढलेल्या बोटी लिलावातून निघून, रंगरंगोटी होऊन, दूरच्या बाजारात येतात. म्हणून बोट आधी कुठे कुठे होती हे विचारायचं.

कर्जाचं तर आणखी विचित्र आहे. सागरी कायद्यात काही देणी माणसाच्या नावे न राहता बोटीवरच बसतात, जसा खलाशांचा थकलेला पगार किंवा बोट वाचवणाऱ्यांचा मोबदला, आणि काही देशांत दुरुस्तीचं बिलही. मालक बदलला तरी ती सुटत नाहीत, नव्या मालकाला ठाऊक नसलं तरीही. त्यामुळे विक्रीपत्रात ‘बोटीवर कोणतंही कर्ज, बोजा वा थकबाकी नाही, निघाल्यास विकणारा भरेल’ हे स्पष्ट लिहून घ्या, नोंदणी कार्यालयात तारण नोंदलंय का बघा, आणि बोट जिथे उभी आहे तिथे भाडं थकलंय का हे स्वतः जाऊन विचारा. दोन वर्षं हलली नाही, म्हणजे तिथलं दोन वर्षांचं बिल कुणीतरी भरलेलं असायला हवं.

बोटीवर कारखान्याची पाटी असेल तर तीही वाचा. युरोपात 1998 पासून विकल्या गेलेल्या बोटींवर ए ते डी असा वर्ग लिहिलेला असतो. सी वर्ग म्हणजे 2 मीटरपर्यंतच्या लाटा आणि ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापाने सहाचा वारा, डी म्हणजे शांत, आडोशाचं पाणी. पाटीवरची माणसांची कमाल संख्या केबिनमधल्या बिछान्यांच्या संख्येशी जुळेलच असं नाही. तुम्ही चौघं आणि पाहुणे, असा विचार करून तो आकडा बघा.

एवढं सगळं करून बोट टिकली, तर आता सर्व्हेयर. तो तुम्ही निवडायचा. मालकाने किंवा दलालाने सुचवलेला नको, कारण दलालाचं पोट व्यवहार होण्यावर चालतं, मग तो कितीही सज्जन असो. सर्व्हेयरने आधी केलेल्या अहवालाचा नमुना मागा. अहवालात नुसती सामानाची यादी असेल तर दुसरा बघा. ‘अमुक जागी ठोकल्यावर थर सुटल्याचा आवाज आला, तमुक झडप हलली नाही’ असं लिहिणारा माणूस पाहिजे. सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा आणि प्रश्न विचारा. अहवालात लिहिता येत नाही ते तो तोंडी सांगतो, आणि ‘तुमची बहीण ही बोट घेत असती तर?’ या प्रश्नाला मी नेहमी खरं उत्तर दिलंय. हलचा, म्हणजे बोटीच्या कवचाचा, सर्व्हेयर बहुधा इंजिन उघडून बघत नाही, त्यासाठी त्या इंजिनाचा मेकॅनिक वेगळा लागतो. बोट पाण्याबाहेर काढूनच सर्व्हे करायचा. पाण्यात उभी असताना केलेला सर्व्हे अर्धा.

त्यानंतर पाण्यावरची चाचणी. थ्रॉटल पूर्ण उघडून काही मिनिटं चालवल्याशिवाय ती चाचणी झाली असं म्हणू नका. कारखान्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत इंजिन पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे, तळ घाण आहे, बोट जड झालीय किंवा इंजिन थकलंय, आणि यातलं काय ते शोधल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तापमानाचा काटा, इंजिनाखालचं पाणी, सुकाणूचा जडपणा, मागे गिअर टाकल्यावरचा आवाज, सगळं त्या वेळीच बघायचं. मालकाला ‘आज वारा आहे, पुढच्या वेळी’ म्हणू देऊ नका. पुढच्या वेळीच पैसे देऊ, म्हणावं.

तुमच्या बोटीपुरतं आता असं करा. मालकांना लेखी कळवा, की सर्व्हे, इंजिनाची तपासणी आणि पाण्यावरची चाचणी तुमच्या समाधानाची झाली तर अमुक किमतीला घ्याल. यातलं काही बिनसलं तर इसार परत मिळेल, हेही त्यातच लिहा. चार्ज केलेली बॅटरी आणि थंड इंजिनाची वेळ मागून घ्या. मॅनिफोल्ड, रायझर आणि बेलोज यांच्या पावत्या, आणि ज्या जागी बोट दोन वर्षं उभी आहे तिथलं ताजं बिल, एवढंच मागा. रांगेतली दोन गिऱ्हाइकं खरी असतील तर ती बोट घेतील, घेऊ द्या. याच आठवड्यात, त्याच रकमेत, सहा मीटरच्या आउटबोर्ड बोटी कुठे कुठे विकायला आहेत त्याही बघून ठेवा, म्हणजे मालक नाही म्हणाले तर रविवारी रिकाम्या हाताने बसावं लागणार नाही.